जमुना ‘येस’ म्हणाली तेव्हा

फेब्रुवारी लागला की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात मुलं एकटीच बोलायला लागतात. कुणी खांबाला टेकून, कुणी भिंतीकडं तोंड करून, कुणी जिन्याच्या पायरीवर डोळे मिटून. “माय नेम इज... आय अ‍ॅम फ्रॉम उचगाव... माय हॉबी इज रीडिंग बुक्स.” वाचनाचा छंद असलेली इतकी मुलं एका पंचक्रोशीत राहत असताना आमच्या वाचनालयातल्या पुस्तकांवर धूळ कशी बसते, हे मी सव्वीस वर्षांत कुणाला विचारलेलं नाही. बारावीच्या इंग्रजीची तोंडी परीक्षा जवळ आलेली असते आणि त्या दिवसांत खरं-खोटं तपासायचं नसतं.

बाहेर रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या डुलत जात असतात. डांबरावर पाचटाचा थर पडलेला असतो. दुपारी वारं फिरलं की कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास वर्गात शिरतो आणि कंपाउंडमधल्या आंब्याच्या मोहोराचा वास त्यात मिसळून जातो. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांना त्या वासानं मळमळतं. मला मात्र त्याची सवय आहे. यंदाही आला. आणि तो आला की मला जमुना राठोड आठवते, तिच्या बारावीचं ते वर्ष आठवतं.

जमुना लमाणी. हमरस्त्याचं काम निघालं तेव्हा तिचे आईवडील विजापूरकडून आले. काम संपलं तरी उचगावच्या पुढच्या माळावर पत्र्याची पंधरा-वीस घरं तशीच राहिली. आसपासचे लोक त्याला तांडा म्हणायचे. ती आली तेव्हा आठ वर्षांची होती. घरात गोरबोली, विजापुरात दोन वर्षं कन्नड शाळा, इथं येऊन मराठी आणि वर इंग्रजी. चार भाषांचं गाठोडं घेऊन ती माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची आणि एकही भाषा कारणाशिवाय उघडायची नाही. बोलली की मात्र अस्सल कोल्हापुरी. आमच्याकडच्या पोरी ‘मी आलो, मी गेलतो’ असंच बोलतात, तशीच तीही बोलायची.

त्या वर्षी तोंडी परीक्षेला कागलचे एक सर परीक्षक म्हणून आले होते. मनानं चांगले, पण वेळापत्रकाचे पक्के. त्यांनी जमुनाला प्रसंग दिला. तुझ्या मैत्रिणीनं तुला वाढदिवसाला बोलावलंय, तुला जाता येणार नाही, तर तिला इंग्रजीत सभ्यपणे नाही म्हण.

जमुनानं थोडा विचार केला. म्हणाली, “आय विल कम.”

“नो, नो. यू कॅनॉट गो. रिफ्यूज.”

“आय विल कम, सर.”

सरांनी मराठीत समजावलं. “बाळ, तुला जायचंच नाहीये. तू तिला नाही म्हणतीयेस.”

“व्हय सर,” जमुना म्हणाली. मग इंग्रजीत, अगदी नम्रपणे, तिसऱ्यांदा, “आय विल कम.”

सरांनी गुण मांडले आणि ती गेल्यावर मला म्हणाले, “मॅडम, व्याकरण चांगलं आहे हो पोरीचं. पण तिला ‘नाही’च म्हणता येत नाही.”

दुपारी ती नळावर बाटली भरताना दिसली. मी विचारलं, “अगं, एवढं सोपं होतं. वर्गात घेतलं होतं की आपण. ‘आय अ‍ॅम सॉरी, आय वोन्ट बी एबल टू...’”

“पाठ हाय म्याडम.”

“मग?”

तिनं बाटलीचं टोपण लावलं. “आमच्यात बोलवायला आलेल्याला तोंडावर न्हाय म्हणत न्हाईत. येतो म्हणायचं. जायाचं नसलं तर जायाचं न्हाय.”

“आणि तो वाट बघत बसला तर?”

“न्हाय बसत. बोलवणाऱ्याला कळतंय की, ह्यो येतो म्हटला ते कसं म्हटला.”

मी तेव्हा हसले होते. घरी जाताना मात्र ते वाक्य डोक्यात राहिलं. आपलं तरी काय वेगळं आहे? आमच्याकडं आलेला पाहुणा ‘जेवून जा’ म्हटल्यावर दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा पाटावर बसतो. पहिल्याच नकोला जर कुणी ‘बरं, राहिलं’ म्हणालं, तर ते घर गावात बदनाम होईल. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. शब्द एक सांगतात, आवाज दुसरं सांगतो, आणि आपण ऐकतो ते तिसरंच.

मला स्वतःला हे शिकायला बराच अपमान सोसावा लागला. नोकरीच्या सुरुवातीला इंग्रजी शिक्षकांच्या शिबिरासाठी हैदराबादला गेले होते. तिथं एक परदेशी मार्गदर्शक होते. सकाळी जिन्यात भेटले आणि हसून म्हणाले, “हाउ आर यू?” मला वाटलं, केवढा आपुलकीचा माणूस! मी थांबले आणि त्यांना माझ्या गुडघ्याविषयी सांगायला लागले. कधी दुखतो, जिना चढताना कसा आवाज येतो, सासूबाई कुठलं तेल लावायला सांगतात. वाक्यं सगळी शुद्ध होती. तिसऱ्या वाक्याला ते गृहस्थ दोन पायऱ्या वर पोचले होते आणि मी एकटीच भिंतीला गुडघा दाखवत उभी होते. पुण्यात तर मराठीतच हे झालं. एका कार्यक्रमात पुढच्या माणसाला मी म्हटलं, “पावणं, जरा सरका की तिकडं.” आमच्या गावात यापेक्षा मायेनं सांगता येत नाही. तो माणूस सरकला, पण असा, जणू मी त्याच्या पायावर पाय दिला आहे.

इतकं कळून मी वर्गात काय शिकवत होते? तर फळ्यावर दोन रकाने. डावीकडं उद्धट वाक्यं, उजवीकडं सभ्य वाक्यं. मुलांनी ती वहीत उतरवून घ्यायची. ‘गिव्ह मी वॉटर’ डावीकडं. ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज’ उजवीकडं. डावीकडची वाक्यं ज्यांच्या घरात रोज बोलली जात, ती मुलं आपल्या आईला कुठल्या रकान्यात बसवत असतील, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

त्या फळ्यावर एक दिवस मी लिहिलं, ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ आणि विचारलं, खिडकी उघडायला तयार असाल तर उत्तर काय द्याल? अख्खा वर्ग ओरडला, “येस मॅडम!” दरवर्षी ओरडतो. मग मी सांगते, की ‘माइंड’ म्हणजे हरकत असणं. हरकत नसेल तर ‘नो’ म्हणायचं. ‘येस’ म्हणालात तर अर्थ होतो, हो, माझी हरकत आहे, मी उघडणार नाही.

मुलं हसली, गोंधळली आणि पुढं गेली. जमुना तास संपल्यावर टेबलापाशी आली.

“म्याडम, म्हंजे हितं येस म्हटलं की न्हाय हुतंय?”

“हो. एवढ्याच ठिकाणी.”

तिचा चेहरा उजळला. असा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. “हे बरं हाय,” ती म्हणाली. “तोंडानं येसच म्हणायचं, आनि न्हाय पन झालं.”

मला गंमत वाटली. वर्षभर शिकवलेल्या इंग्रजीतलं एक वाक्य तरी तिला स्वतःच्या घरचं वाटलं, याचा आनंद झाला.

त्याच आठवड्यात मी वर्गाला आईवर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. सगळ्या आया गाइडातून आल्या. ‘शी इज काइंड. शी कुक्स टेस्टी फूड.’ जमुनाचीही तीच. मी वह्या परत देताना म्हटलं, “आपापली आई लिहा रे, गाइडातली नको.” सगळे गेले तरी ती बसून राहिली. दुपारची वेळ. व्हरांड्यात सामसूम. खिडकीतून तोच मळीचा वास.

“म्याडम, आई न्हाय माझी.”

मग ती बोलली. एवढं सलग ती कधीच बोलली नव्हती. ती नववीत असताना याडीच्या, म्हणजे तिच्या आईच्या, पोटात दुखायला लागलं. बाप कामावर लांब होता, म्हणून तीच आईला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. आईला मराठी मोजकीच यायची. रस्त्याच्या कामावर सगळी आपलीच माणसं, बोलायची वेळच आली नव्हती. सुई टोचली, सलाइन लावलं, एक रात्र ठेवलं. सकाळी नर्स आल्या. घाईत होत्या. त्यांनी विचारलं, “कमी हाय न्हवं आता?” आईनं मान हलवली. हां. मोठ्या माणसानं असं विचारलं तर त्याला नाही कसं म्हणायचं? नर्सनी जमुनाकडं बघितलं. “काय गं, कमी हाय न्हवं?”

“मी पन हां म्हटलो,” जमुना म्हणाली. “मला म्हाईत हुतं कमी न्हाय ते. याडीचा हात माझ्या हातात हुता, तिनं दाबून धरलेला. पन आधी एकदा विचारलं तवा त्या नर्स खेकसल्या हुत्या. मी भ्यालो. हां म्हटलो.”

त्यांना घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी पोटातलं आतडं फुटल्याचं कळलं, तोवर उशीर झाला होता.

“हे मी कुनाला सांगितल्यालं न्हाय. बापाला पन न्हाय.” तिनं वही दप्तरात घातली. “दहा वळी लिवायला येत न्हाईत म्हणून तुम्हाला सांगितलं.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. काय बोलले ते आठवत नाही. ‘तुझी काही चूक नाही’ असंच काहीतरी असणार. असं आपण सगळेच म्हणतो.

बारावीचे पेपर झाले आणि मला एका संस्थेची जाहिरात दिसली. त्यांच्या नर्सिंग कॉलेजात दोन मुलींना पूर्ण खर्च करून घेणार होते. अट एवढीच, की मुलाखत इंग्रजीत आणि सोबत शिक्षकाचं शिफारसपत्र. जमुनाला विचारलं. ती लगेच हो म्हणाली नाही, आणि म्हणूनच मला समजलं की तिला खरोखर जायचं आहे.

अर्जावर वडिलांची सही हवी होती, म्हणून मी माळावर गेले. उन्हानं पत्रे कडकडत होते. तिचे वडील, सोमला, दारातच बाजेवर बसले होते. डांबराच्या कामानं त्यांच्या हाताची नखं कायमची काळी झालेली. मला बघून उठले, बाज माझ्याकडं सरकवली आणि स्वतः जमिनीवर बसले. कोरा चहा आला, त्यात आलं भरपूर. कुणी ‘थँक यू’ म्हणालं नाही, कुणी ‘प्लीज’ म्हणालं नाही. शेजारच्या एका बाईनं न विचारता माझ्या डोक्यावर पदरासारखा टॉवेल टाकला, ऊन लागतंय म्हणून. माझ्या फळ्यावरच्या उजव्या रकान्यात हे कुठं बसवायचं, असा एक विचार येऊन गेला.

सोमलांनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर कोरून. मग विचारलं, “बाई, तितं हिला कोन वळकीचं हाय?”

“नाही. पण मी आहे ना. मुलाखतीला मी बसणार आहे. स्थानिक शिक्षक म्हणून मला बोलावलंय.”

“मग झालं,” ते म्हणाले.

शिफारसपत्र मी मन लावून लिहिलं. मला चांगलं इंग्रजी लिहिता येतं याचा मला अभिमान आहे, आणि अभिमान असला की माणूस नको तेवढं लिहितो. हुशार, कष्टाळू, चार भाषा जाणणारी, हे सगळं लिहून झालं, तरी पत्र कोरडं वाटत होतं. मग मी एक परिच्छेद घातला. दवाखान्यात भाषेअभावी जिची आई गेली, तीच मुलगी आज नर्स होऊ पाहते आहे. वाचून माझेच डोळे भरून आले. जमुनाला मी तो परिच्छेद दाखवला नाही. लपवलाही नाही. दाखवावा असं सुचलंच नाही, एवढंच.

मुलाखत शहरात, नागाळा पार्कातल्या एका बंगल्यात होती. लांब टेबल, काचेच्या ग्लासात पाणी, पंख्याखाली फडफडणारे कागद. मधोमध पुण्याहून आलेल्या एक निवृत्त डॉक्टरबाई. आवाज मऊ, पांढरे केस, डोळ्यांत खरा जिव्हाळा. त्यांच्या दोन बाजूंना संस्थेचे दोन गृहस्थ आणि कडेला मी.

जमुना आत आली. इस्त्रीचा पांढरा ड्रेस, घट्ट वेणी. पहिल्या सगळ्या प्रश्नांना तिनं नीट उत्तरं दिली. नर्सिंग का, तर लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं म्हणून. चार भाषा कशा येतात, तर घरं बदलली म्हणून. गृहस्थ माना डोलवत होते. मी टेबलाखाली बोटं गुंफून बसले होते.

मग डॉक्टरबाईंनी माझं पत्र समोर ओढलं. चष्मा नीट केला. खूप हळुवारपणे, जसं कुणालाही विचारावं तसं, म्हणाल्या, “जमुना, वुड यू माइंड टेलिंग अस अबाउट युवर मदर?”

जमुनानं आधी त्या पत्राकडं बघितलं. मग बाईंकडं. पाठ ताठ होती.

“येस,” ती म्हणाली.

उजवीकडचे गृहस्थ गालात हसले, चेष्टेनं नव्हे, कौतुकानंच. डॉक्टरबाई पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या. पुढचं वाक्य येत नव्हतं. आणि मी, तिची शिक्षिका, तिच्या मदतीला धावले.

“शी मीन्स नो, मॅडम,” मी हसत म्हणाले. “कॉमन मिस्टेक. आमची सगळीच मुलं करतात.”

सगळे मोकळेपणानं हसले. ताण गेला. “ऑफ कोर्स,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “गो ऑन, माय डिअर.”

जमुनानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. रस्ता ओलांडताना ज्याचा हात धरला, त्यानंच हात सोडल्यावर मूल बघतं, तशी ती बघत होती. मला तेव्हाही कळलं नाही. मी मान हलवून तिला धीर दिला. बोल, बोल.

ती बोलली. इतक्या शुद्ध इंग्रजीत, की माझा ऊर भरून आला.

“माय मदर हॅड पेन. द नर्स आस्क्ड, इज इट लेस नाऊ? माय मदर सेड येस. आय सेड येस. इट वॉज नॉट लेस.”

एवढंच. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तिला जायला सांगितलं. ती बाहेर जाताच गृहस्थांनी तिच्या नावापुढं खूण केली. मीही केली.

बाहेर फाटकाजवळ ती माझी वाट बघत उभी होती. मी जवळजवळ पळतच गेले. “निवड झाल्यात जमा आहे गं! काय छान बोललीस!”

“म्याडम, मी येस म्हटलो हुतो.”

“हो गं, तेवढं चालतं. मी सांभाळून घेतलं ना.”

“चुकून न्हवं म्हटलो.”

रस्त्यावरून एक दुधाची गाडी गेली. तिचे कॅन एकमेकांवर आपटत लांबवर वाजत राहिले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिचं संपलं नव्हतं.

“तुम्ही शिकवल्यालं तसंच म्हटलो. हरकत हाय, म्हटलो.” मग जरा थांबून, “याडीच्या नावावर मला कॉलेजात जागा नको हुती.”

एवढं बोलून ती बस थांब्याकडं चालायला लागली. मी तिच्यामागं गेले नाही.

त्या दिवसाचा मी किती वेळा विचार केला असेल! सव्वीस वर्षांच्या शिकवण्यात, माझ्या सगळ्या मुलांत, त्या वाक्याचं अचूक उत्तर गरजेच्या क्षणी एकीनं दिलं. आणि तिची चूक झाली असणार, असं वाटणारी पहिली मीच होते. डॉक्टरबाईंच्या तोंडून ‘येस’ आलं असतं तर आम्ही सगळे वरमून गप्प बसलो असतो, विषय बदलला असता. माळावरच्या पोरीच्या तोंडून आलं, म्हणून ते व्याकरण ठरलं. तिला नाही म्हणता येत नाही, असं कागलच्या सरांनी सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. तिला म्हणता आलं होतं. मला ऐकता आलं नाही.

निवडीचं पत्र आलं. जूनमध्ये ती जाणार होती. त्याआधी एक दिवस सोमला कॉलेजात आले. व्हरांड्यात चप्पल काढून उभे राहिले. “बाई, पोरगी जातीया. रविवारी जेवन हाय तांड्यावर. तुम्ही आलं पायजे.”

“येते ना,” मी म्हणाले. “नक्की येते.”

त्यांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं. “बरं,” म्हणाले आणि गेले. रविवारी मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते? मी येते म्हणाले ते कसं म्हणाले, हे त्यांना कळलं असणारच. कुणी वाट बघितली नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. पुढची वर्षं अशीच गेली. तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. दर फेब्रुवारीत ‘वुड यू माइंड’चा तास आला की मी तो घ्यायचे, मुलं ओरडायची आणि मी खडू खाली ठेवून थोडा वेळ खिडकीपाशी उभी राहायचे. मुलांना वाटायचं, मॅडमना खडूच्या धुळीचा त्रास होतोय.

गेल्या पावसाळ्यात माझ्या यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आम्ही शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा सरकवून एक नर्स आत आल्या. पाठमोऱ्या. सलाइन बघत होत्या. वळल्या आणि मी उठून उभीच राहिले.

“बसा म्याडम,” जमुना म्हणाली. जणू काल तास झाला होता. “साहेबांना काल झोप लागली का?”

तीन दिवस मी तिला बघत होते. कामात ती चपळ, मोजकं बोलणारी. शेजारच्या खाटेवर गडहिंग्लजच्या पुढच्या एक म्हाताऱ्या आजी होत्या, कन्नड बोलणाऱ्या. सकाळी डॉक्टर आले, चार शिकाऊ मुलं त्यांच्यामागं. त्यांनी विचारलं, “काय आजी, बरं वाटतंय ना?” आजींनी हात जोडले, हसून मान हलवली. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले. जमुना गेली नाही. तिनं आजींच्या कानाशी वाकून एवढंच विचारलं, “एल्ली नोवु, अज्जी?” कुठं दुखतंय, आजी? दुखतंय का, असं नाही. कुठं. आजींचा हात हातात घेतला, त्यांच्याच पोटावरून हळूहळू फिरवला आणि स्वतः उत्तराकडं लक्षच दिलं नाही, फक्त चेहऱ्याकडं बघत राहिली. एका जागी आजींचे ओठ दाबले गेले. जमुना सरळ झाली आणि डॉक्टरांना मोठ्यानं हाक मारली.

“सर, जरा हिकडं या. आजी हो म्हणत्यात, पन दुखतंय त्यांना.”

शिकाऊ मुलांतला एक जण हसला. डॉक्टर मात्र परत आले.

घरी जायच्या दिवशी मी तिला व्हरांड्याच्या टोकाला गाठलं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आवारातल्या रिक्षा पाण्यात उभ्या होत्या. मी माफी मागायचे किती प्रकार शिकवते! लहान चुकीची वेगळी, मोठ्या चुकीची वेगळी, वरिष्ठांची, बरोबरीच्यांची. त्यातलं एकही वाक्य इथं बसत नव्हतं.

“जमुना,” मी म्हणाले, “त्या दिवशी तू बरोबर बोलली होतीस. पत्रात लिहिलं ते मी तुला न विचारता लिहिलं. आणि वर तुझं उत्तरही मीच बदललं. माझं चुकलं.”

अशा वेळी समोरच्यानं काय म्हणायचं, तेही मी शिकवते. असू द्या हो. एवढं काय त्यात. तुमच्यामुळंच तर सगळं झालं. तिनं त्यातलं काही म्हणावं, याची मी वाट बघत होते, हे कबूल केलं पाहिजे.

जमुना पावसाकडं बघत होती. मग माझ्याकडं वळली आणि डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, “व्हय म्याडम. चुकलंच तुमचं.”

मी मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण छातीवरचं काहीतरी उतरलं. इतक्या वर्षांत इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. तिनं भिंतीकडचं बाक पुढं ओढलं, मला बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. तिच्या कामाची वेळ होती. आतून कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली. ती “आलो” म्हणाली, पण उठली नाही. आम्ही दोघी पाऊस बघत बसलो. पाचेक मिनिटं तरी.

मग ती उठली, कपडे झटकले. “चला,” म्हणाली, “साहेबांची पट्टी बदलायची ऱ्हायलीया.”

मी तिच्यामागून निघाले.